काडतूस भरू नका, छर्रे निवडा

पत्र : "मी हिंगणघाटजवळच्या एका सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे. मालाला उठाव नाही म्हणून महिनाभरापासून ले-ऑफ आहे, अर्धा पगार मिळते. रात्री वावरात जागल करतो, पण दिवस जाता जात नाही. घरी दोन वर्षांपूर्वी घेतलेली छर्‍याची बंदूक आहे. आबाजींच्या नावावर लायसनची बारा बोअरही आहे. अमेरिकेतले लोक घरीच रिकाम्या काडतुसात दारू मोजून भरतात, ते मी मोबाइलवर पाहतो. मला हाताचं बारीक काम आवडते. आपल्याकडे तसं करता येईल का? दुसरं म्हणजे माझ्या बंदुकीचे छर्रे एका जागी पडतच नाहीत, एक इकडं तर एक तिकडं. बायको म्हणते, घरात लेकरं आहेत, हे बंद करा. काय करू?" (एक वाचक, जि. वर्धा)

भाऊ, पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असंच आहे आणि त्यात पळवाट नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही. रिकामं काडतूस पुन्हा भरणं हेही बनवणंच आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला कमीत कमी सात वर्षं शिक्षा आहे, ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. अमेरिकेत स्वतःपुरती काडतुसं भरायला तिथला केंद्रीय कायदा परवाना मागत नाही, म्हणून ते लोक उघडपणे टेबल मांडून बसतात. आबाजींचा परवाना बंदूक बाळगायचा आणि परवानाधारक दुकानातून ठरलेल्या संख्येत काडतुसं घ्यायचा आहे, भरायचा नाही. शिवाय परवाना त्यांच्या नावावर आहे, तुमच्या नाही. तेव्हा ती बारा बोअर तुमच्या छंदात धरूच नका. फार तर त्यांच्याजवळ बसून परवान्याच्या नूतनीकरणाची तारीख तेवढी तपासा. म्हातार्‍या माणसांच्या हातून ती तारीख हमखास निसटते.

धोकाही खराच आहे. दारूचं माप थोडं चुकलं किंवा एकाच काडतुसात दोनदा पडलं, तर नळी मारणार्‍याच्या चेहर्‍याजवळच फाटते. भरमार, म्हणजे तोंडाकडून दारू ठासायच्या, बंदुकीने बोटं गेल्याच्या कहाण्या जंगलपट्ट्यात कमी नाहीत.

पण तुम्हाला त्या व्हिडिओत जे भावलं ते आम्हाला कळतं. मोजणं, निवडणं, एकसारखं करणं, मग कागदावर त्याचा परिणाम पाहणं. हे सगळं तुमच्या छर्‍याच्या बंदुकीत आहे. ४.५ मिलिमीटर बोअरच्या आणि २० ज्यूलपर्यंत जोर असलेल्या एअरगनला आपल्याकडे परवाना लागत नाही. बिल मात्र जपून ठेवा. बंदूक ५.५ मिलिमीटरची असेल, ज्याला दुकानदार 'पॉइंट बावीस' म्हणतात, तर तिला परवाना लागतो. नळीवरचा किंवा बिलावरचा आकडा आजच पाहून घ्या.

आता वहिनींचं म्हणणं. त्या बरोबर आहेत, आणि नेमबाजी सुरू करण्याआधी त्यांचं समाधान होईल अशी जागा करा. एअरगनचा छर्रा तीनशे मीटरच्या पुढे जाऊ शकतो, आणि डोळ्यात गेला तर डोळा जातो. कुडाच्या भिंतीतून तो आरपार निघतो. टिनावरून आणि सिमेंटच्या भिंतीवरून उलटून मारणार्‍याकडेच येतो. सगळ्यात चांगली मातीची जाड भिंत, छर्रा तिच्यात रुतून बसतो. कोठ्याची एखादी मातीची बाजू असेल आणि तिच्यामागे लोकांचा वावर नसेल, तर तिथेच मांडा. अंतर १० मीटर, म्हणजे पावणेतेहतीस फूट. तुम्ही उभे राहाल तिथपासून टार्गेटपर्यंत मध्ये एकही दार, खिडकी किंवा बोळ उघडणारा नको. असेल तर आतून कडी लावा आणि लेकरं कुठे आहेत हे डोळ्यांनी पाहून मगच बंदूक भरा. गायी-वासरं दुसरीकडे बांधा. मारणार्‍याच्या आणि पाहणार्‍याच्या डोळ्यांवर चष्मा हवा, वेल्डिंगवाल्याकडचा पांढर्‍या काचेचा चालतो.

भिंतीपुढे छर्रा अडवायला पंधरा किलोचा तेलाचा पत्र्याचा डबा घ्या. वरचं झाकण पूर्ण कापा, कडा ठोकून आत वळवा आणि डबा आडवा ठेवा. आत तळाला फॅब्रिकेशनवाल्याकडून ४ मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी डब्याच्या मापाची कापून बसवा. तिच्यापुढे जुन्या लुगड्याच्या, गोधडीच्या चिंध्या इतक्या दाबून भरा की अंगठा आत शिरू नये. किमान वीतभर जाडी हवी. गिरणीतली मोकळी वेस्ट कॉटन भरू नका. ती दबत नाही, पंधरा-वीस छर्‍यांत तिच्यात बोगदा पडतो आणि छर्रा थेट लोखंडावर आदळून शिशाचा भुगा उडतो. डब्याच्या तोंडावर खोक्याचा पुठ्ठा लावा, त्यावर टार्गेट. टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४० मीटर उंचीवर, स्पर्धेत असतो तसाच.

साधारण ५०० छर्‍यांनंतर डबा रिकामा करा. चिंध्या ओल्या करूनच काढा, म्हणजे शिशाची धूळ उडणार नाही. त्या चिंध्या चुलीत घालायच्या नाहीत. गळाला लावायला शिसं वितळवायचंही नाही, निदान घरात तर नाहीच. त्या धुराने लेकरांच्या मेंदूवर परिणाम होतो. छर्रे झाकणाच्या बाटलीत साठवा. मारून झाल्यावर साबणाने हात धुवा, मगच खर्रा, चहा किंवा भाकर. छर्रे तोंडात धरायची सवय बर्‍याच जणांना असते, ती सोडा.

आता 'एक इकडं, एक तिकडं'. बर्‍याचदा याचं कारण नेम नसतं, सैल स्क्रू असतात. स्प्रिंगची, नळी मोडून भरायची बंदूक प्रत्येक फैरीला आधी मागे आणि मग पुढे झटका देते. या दुहेरी झटक्याने दस्त्याचे, म्हणजे लाकडी भागाचे, स्क्रू आपोआप ढिले होतात. दस्त्याच्या पुढच्या भागात दोन्ही बाजूंना एकेक आणि घोड्याच्या कड्याजवळ एक किंवा दोन असतात. तोंडाचं माप बरोबर बसेल असा पेचकस घ्या, नाहीतर खाच झिजते. घट्ट करा, पण लाकूड चिरेल इतकं नको. दर ५० फैरींनी पुन्हा पाहा. मागची शिस्त, म्हणजे नेम धरायची खाच असलेला भाग, नळीवर हलतो का तेही बोटाने दाबून पाहा.

स्क्रू ठीक असतील तर नळी जिथे मोडते तो सांधा बघा. बिनभरल्या, न ताणलेल्या बंदुकीची नळी बंद करून डावी-उजवीकडे हलवा. कटकट जाणवली तर सांध्याचा बोल्ट सैल आहे. मग सांध्यातलं रबरी वॉशर. ते तपासायला पातळ टिश्यू कागदाची बोटभर पट्टी सांध्यावर आडवी ठेवा आणि छर्रा भरून मारा. कागद फडफडला तर हवा तिथूनच निसटते आहे आणि प्रत्येक छर्‍याचा वेग वेगळा होतो आहे. वॉशर दुकानात मिळतं. जुनं काढताना टाचणी वापरा, चाकूने खाच ओरखडू नका. नळी ताणलेली असताना ती एका हाताने धरूनच ठेवायची, छर्रा भरतानाही. घोडा सुटला तर नळी फटकन वर येते आणि बोट सांध्यात सापडतं.

तेल हा आपल्याकडचा मोठा गैरसमज. बंदुकीत तेल सोडलं की ती गुळगुळीत चालेल असं वाटतं. पण सिलिंडरमध्ये तेल गेलं की दट्ट्याच्या दाबाने ते पेटतं. फटाक्यासारखा आवाज, नळीतून धूर, करपट वास, आणि वेग कधी वाढलेला तर कधी पडलेला. एखादी फैर टार्गेटच्या वर आणि पुढची खाली गेली, तर आधी हे ओळखा. शिलाई मशीनचं तेल बाहेरच्या लोखंडावर फडक्याने पुसण्यापुरतंच. खोबरेल तर नकोच, ते गोठून चिकट होतं. पावसाळ्यात हाताच्या घामानेच नळीला गंज चढतो, म्हणून ठेवताना नेहमी पुसून ठेवा. बिन छर्‍याची फैर कधीही मारू नका. पुढे हवेचा अडसर नसल्याने दट्ट्या सिलिंडरच्या टोकावर आदळतो आणि वॉशर, स्प्रिंग दोन्ही जातात. ताणून ठेवून चहाला उठून जाऊ नका. स्प्रिंगही बसते आणि घरात लेकरंही आहेत.

एवढं झालं की धरायची पद्धत. बहुतेक जण ही बंदूक खांद्यात घट्ट रुतवतात आणि पुढचा हात मुठीसारखा आवळतात. बारा बोअरला ते ठीक, इथे उलट. दट्ट्या आधी सुटतो, छर्रा नंतर नळीबाहेर पडतो, आणि मधल्या क्षणी बंदूक हलतेच. ती दर वेळी सारखी हलली तर छर्रे एका जागी पडतात. म्हणून पुढचा हात उघडा, तळहात वर, घोड्याच्या कड्याच्या थोडा पुढे, बंदूक त्यावर नुसती टेकलेली. बोटांनी पकडायचं नाही. खांद्याला हलका स्पर्श. गाल दस्त्यावर दर वेळी त्याच जागी. जुन्या पँटीचा पाय कापून त्यात रेती भरून शिवा आणि त्या पिशवीवर हात टेकवा. बंदूक थेट पिशवीवर ठेवली तर ती उसळते आणि सगळे छर्रे वर जातात.

शिस्त जुळवताना नजर माशीवर, म्हणजे पुढच्या खुंटीवर. माशी लख्ख, टार्गेटचा काळा गोल थोडा धूसर. खाचेत माशी मधोमध, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, वरची कड एका रेषेत. काळा गोल माशीच्या डोक्यावर, खांबावर मडकं ठेवावं तसा, मध्ये पांढर्‍याची बारीक रेघ. घोडा बोटाच्या पेराच्या मध्यावर, सरळ मागे, हळूहळू. फैर सुटल्यावर दोन सेकंद तशीच शिस्त धरून राहा. लगेच मान वर काढून 'कुठे लागला' पाहायची घाई झाली की छर्रा नळीत असतानाच बंदूक हलते.

एका फैरीवरून मागची शिस्त फिरवू नका. पाच मारा, पाचांचा मध्य काढा, मग फिरवा. छर्रे डावीकडे पडत असतील तर मागची शिस्त उजवीकडे, खाली पडत असतील तर वर. किती, हे मोजून निघतं. तुमच्या मागच्या आणि पुढच्या शिस्तीत समजा ४५ सेंटिमीटर अंतर आहे. तर मागची १ मिलिमीटर सरकवली की १० मीटरवर छर्रा सुमारे २२ मिलिमीटर सरकतो. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरलाही जवळजवळ सेंटिमीटरभर फरक. पाटीवर हा हिशेब एकदा मांडला की उगाच पिळणं थांबतं.

आता तुमच्या आवडीचं काम. बाजारात स्वस्त डब्यातले छर्रे एकसारखे नसतात. एक छर्रा नखावर उभा करून पाहा. पुढे डोकं, मध्ये कंबर, मागे पोकळ घागरा. हा घागरा हवेच्या दाबाने पसरून नळीच्या आट्यांना, म्हणजे आतल्या पिळदार खाचांना, घट्ट बसतो, तेव्हाच छर्रा नीट फिरतो. डब्यात एकमेकांवर आपटून घागर्‍याची कड एका बाजूला चेपलेली असते. तो छर्रा हवेत डोलतो.

म्हणून दुपारी, बाहेर ४४-४५ अंश असताना, ताटात पांढरा कागद पसरून शंभर छर्रे ओता. पहिल्या हाताला चेपलेले, वरून शिशाची कुसर आलेले, डोकं वाकडं असलेले बाजूला काढा. मग खिडकीची एक काच घ्या, एका कडेखाली वही सारून किंचित उतार द्या आणि एकेक छर्रा वरून आडवा सोडा. घागरा डोक्यापेक्षा रुंद असल्यामुळे तो सरळ न जाता वळण घेत खाली येतो. चांगल्या छर्‍यांचं वळण सारखं असतं, काचेच्या कडेला ते जवळजवळ एकाच ठिकाणी उतरतात. जे आधी वळले किंवा डुगडुगत गेले, त्यांचं डोकं किंवा घागरा वेगळ्या मापाचा आहे. त्यांना सरावाच्या डब्यात टाका, टार्गेटच्या नाही.

पुढची पायरी वजन. सोनाराकडे असतो तसा ०.००१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा तराजू लागतो. गावात कुणाकडे असेल तर मागून घ्या. त्यासाठी वेगळा खर्च ले-ऑफ संपेपर्यंत थांबवा. स्पर्धेचा चपट्या डोक्याचा छर्रा सुमारे ०.५३ ग्रॅमचा असतो. ०.५२, ०.५३, ०.५४ असे तीन ढीग करा. तराजू मोजत असताना पंखा आणि कूलर बंद ठेवावा लागतो, नाहीतर शेवटचा आकडा नाचत राहतो. मे महिन्यात हे काम पहाटेच करा.

मग खरी परीक्षा. दोन-तीन प्रकारचे छर्रे थोडे थोडे आणा. प्रत्येक प्रकारच्या पाच-पाच फैरींचे पाच गट पिशवीवरून मारा. नवा छर्रा सुरू करताना आधी दहा फैरी वाया घालवा, नळीला त्याच्या शिशाची सवय व्हावी लागते. गटातल्या सर्वात दूरच्या दोन भोकांचं बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत अंतर मोजा आणि त्यातून ४.५ मिलिमीटर वजा करा. तो तुमच्या गटाचा आकडा. साध्या स्प्रिंगच्या बंदुकीला १० मीटरवर, पिशवीवरून, १५ ते २० मिलिमीटर हा चांगला आकडा आहे. महागडा छर्रा तुमच्या नळीला आवडेलच असं नाही, म्हणून नावावर जाऊ नका, आकड्यावर जा. वहीत तारीख, छर्रा, वजनाचा ढीग, गटाचा आकडा आणि एक शब्द हवामानाचा, एवढ्या रकान्यांत सगळं लिहा. नळी ५०० फैरींनंतर एकदा साफ केली तरी पुरते. गळाचा जाड नायलॉन दोरा दुहेरी करून नळीच्या तोंडाकडून घाला, सांध्याकडे निघालेल्या फासात सुती चिंधी अडकवा आणि परत तोंडाकडे ओढा. कोरड्याच, दोन-तीन वेळा.

पिशवीवर आकडा जमला की उभं राहा. पाय खांद्याएवढे लांब, टार्गेटकडे डावी बाजू, डाव्या हाताचं कोपर कमरेच्या हाडावर टेकलेलं. शिस्त लावा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, उघडा. माशी टार्गेटच्या बाजूला सरकली असेल तर हाताने ओढून आणू नका, मागचा पाय थोडा हलवा. बंदूक वर नेल्यापासून आठ सेकंदांत फैर सुटली नाही तर खाली घ्या. त्यापुढे दम कमी पडून नजर आणि हात दोन्ही थरथरतात. छर्रे वर-खाली ओळीत पडत असतील तर श्वास चुकतोय, आडवे पसरत असतील तर पाय. रोज आधी दहा वेळा नुसतं धरायचं, न ताणता, न भरता, वीस-वीस सेकंद. याला पैसा लागत नाही आणि सुधारणा यानेच सगळ्यात लवकर होते.

पैशाचं गणित असं. ५०० छर्‍यांचा एक डबा, रोज ४० फैरी, तर बारा दिवस. यापेक्षा जास्त मारू नका. पन्नास फैरींनंतर थकलेला हात चुकीची सवय पक्की करतो. आणि अर्ध्या पगारात बंदुकीचं नवं सामान, दुर्बीण वगैरे घेऊ नका. गिरणीने ले-ऑफच्या काळात हजेरीची वेळ ठरवून दिली असेल तर ती चुकवू नका, भरपाई त्या हजेरीवर असते. सराव तिच्या आधी सकाळी सहा ते साडेसात, ऊन चढण्यापूर्वी. निवडानिवड दुपारी.

जागलीला मात्र ही बंदूक नेऊ नका. रोह्याला किंवा रानडुकराला छर्रा मरण देत नाही, नुसती जखम करतो. ती चिघळते आणि जनावर महिनाभर तडफडतं. वानर, मोर, ससा, होला यांतल्या कुणावरही छर्रा चालवला तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. पिकाचं नुकसान झालं तर फोटो काढून त्याच दिवशी वनविभागाकडे अर्ज द्या.

आणि कागदावर मन रमलं, उभ्याने पाच फैरींचा गट ४० मिलिमीटरच्या आत नियमित येऊ लागला, तर जिल्ह्याच्या रायफल असोसिएशनमध्ये चौकशी करा. १० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर काळा गोल ३०.५ मिलिमीटरचा असतो आणि दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. पात्रता फेरीत ६० फैरी असतात. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्राने सुवर्ण मिळवलं ते याच प्रकारात, आणि २०२२ चा जगज्जेता रुद्रांक्ष पाटील आपल्याच महाराष्ट्राचा. स्प्रिंगच्या बंदुकीने तिथे फार पुढे जाता येत नाही. पण क्लबकडे बहुधा सामायिक रायफल असते, आणि तुमची वही पाहिली तर प्रशिक्षक तुम्हाला दारातून परत पाठवणार नाही.

वहिनींना एकदा तो डबा, कडी लावलेलं दार आणि साबण दाखवा. पुढचं पत्र लिहाल तेव्हा प्रत्येक प्रकारच्या छर्‍याचे गटाचे आकडे आणि मागच्या-पुढच्या शिस्तीतलं अंतर लिहून पाठवा, त्यावरून पुढचं सांगता येईल.